एकादशीचं अंडं

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या घरच्या पाण्यात डोकावण्यात गेली. हिवताप खात्यात मी डास-तपासनीस होतो. हुद्द्याचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण नाशकात मला त्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. 'डासवाले आले' एवढीच वर्दी बोळातून पुढे जायची, की बायका रांजणांवर घाईघाईने फडकी टाकायच्या आणि घरधनी दारात येऊन उगाचच हसायचा. डास नाहीत असं घर मला कधी सापडलं नाही, आणि आपल्या घरात डास आहेत असं कबूल करणारा माणूसही सापडला नाही.

संपादकांचा निरोप आला तो 'नोकरीतल्या गमती लिहा' असा. गमती पुष्कळ आहेत. निफाडकडच्या एका बागाईतदाराला मी विहिरीत सोडायला डास खाणारे मासे दिले होते. बोटाच्या पेराएवढे असतात ते. पुढच्या फेरीला गेलो तर गडी तोंड वाकडं करून म्हणाला, "साहेब, मासे लय बारीक हायेत तुमचे. कालवणात घावत बी नाय." दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी हौदातल्या वळवळणाऱ्या अळ्या मला अभिमानाने दाखवल्या होत्या, आमचं पाणी कसं जिवंत आहे म्हणून. असे नमुने भेटत राहिले म्हणून ती नोकरी सुसह्य झाली. पण आज जी गोष्ट सांगणार आहे ती घडत असताना मला मुळीच हसू आलं नव्हतं.

आधी आमचं काम काय ते सांगतो. डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यातून अळी निघते, अळीचा डास होतो. डासामागे धावण्यात अर्थ नसतो, अळी पाण्यातच गाठावी लागते. म्हणजे घरोघरचं पाणी तपासणं आलं. आणि ते दिवस, एकोणीसशे तीस साल उलटून गेल्यानंतरचे, कडक सोवळ्याचे होते. मी जातीने ब्राह्मण असलो तरी दिवसभर गटारं हुंगत फिरणारा. मला पिण्याच्या पाण्याला कोण शिवू देणार? त्यावर आमच्या खात्यात एक छान रीत होती. खिशात दाढीचा छोटा आरसा ठेवायचा. उन्हात उभं राहून आरशाने कवडसा धरायचा आणि तो विहिरीत, आडात, रांजणात सोडायचा. पाणी तळापर्यंत उजळतं आणि अळ्या उजेडाला बुजून पळत सुटतात. कवडशाला विटाळ नसतो, हे नाशिकच्या बायकांनी फारशी खळखळ न करता मान्य केलं होतं.

अळ्या सापडल्या की पाणी ओतायचं. डबा असेल तर खिळा ठोकून त्याला भोक पाडायचं, फुटण्याजोगी वस्तू असेल तर फोडायची. विहीर तर ओतता येत नाही, तिच्यात मासे सोडायचे. लोकांना हे समजावं म्हणून आम्ही चौकाचौकांत मॅजिक लँटर्नचे खेळ करायचो. दोन खांबांना धोतर ताणून बांधायचं आणि त्यावर चित्रं पाडायची. डासाचं अंडं त्या धोतरावर लिंबाएवढं दिसायचं. मी त्यावर काठी आपटून ओरडायचो, "पाण्यात अंडी दिसली की समजा, ताप घरात आला!" बोलायला मी पहिल्यापासून घसघशीत. त्या वाक्याला टाळ्या पडायच्या आणि मला फार बरं वाटायचं.

भद्रकालीकडच्या एका बोळात हसनभाई राहायचा. पत्र्याचा कारागीर. आमचे मासे न्यायला लागणारे, झाकणाला भोकं पाडलेले डबे तोच करून द्यायचा, त्यामुळे माझी त्याची चांगली ओळख होती. त्याची बायको झुबेदा. तिची मुलं पोटात टिकत नव्हती. पुन्हा दिवस गेले तेव्हा सुईणीने बजावलं, की बाळंत होईपर्यंत खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. पण कामाची सवय असलेली तरणी बाई ती, पडून राहीना. हसनभाई कामाला गेला की उठून भांडी घासायला बसायची. रागावून झालं, हात जोडून झालं. शेवटी हसनभाईने जुन्या खिडकीच्या काचा आणल्या, पत्र्याच्या चौकटीत, फटींना लांबी भरून बसवल्या आणि पाण्याची पेटी केली. तळाला धुतलेली वाळू टाकली, आमच्याकडचे थोडे मासे मागून नेले आणि पेटी तिच्या खाटेशेजारी खिडकीत ठेवली.

हल्ली दिवाणखान्यांतून अशा पेट्या दिसतात. घरात ठेवलेली मी पाहिलेली पहिली पेटी ती. झुबेदा त्या माशांकडे बघत दिवसचे दिवस पडून राहायला लागली. कुठला मासा रुसतो, कुठला कुणाच्या मागे लागतो, हे ती नवऱ्याला संध्याकाळी सांगायची. सुईण म्हणाली, माझ्या औषधाला जमलं नाही ते या माशांनी केलं. पोटातलं मूल त्या पेटीच्या आधाराने राहिलं होतं म्हणा ना. हसनभाई तसंच म्हणायचा.

पावसाळा सरला आणि त्या बोळात तापाची साथ आली. एकही घर सुटलं नाही. कोपऱ्यावरच्या घरातलं एक मूल दगावलं आणि लोकांचा धीर सुटला. हसनभाईच्या समोर अण्णांचं घर होतं. त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं आणि बोळात त्यांचा शब्द चालायचा. घरात त्यांची बायको, एक लहान मुलगी आणि दुर्गाबाई नावाची विधवा बहीण. दुर्गाबाईंना बाहेर पडायची मोकळीक देवळापुरतीच. अण्णांच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि झुबेदाची खिडकी अगदी समोरासमोर, हात लांब केला तर हाताला हात लागेल इतका तो बोळ अरुंद. अण्णांची मुलगी तापाने फणफणत होती.

त्या दिवशी दुपारी आमचा शिपाई धावत आला. "साहेब, हसनभाईच्या पेटीत अंडी निघाली. लोक जमलेत. लवकर चला."

झालं होतं असं. सकाळी झुबेदाला वाळूवर पांढरट गोल दाणे दिसले. माशांनी अंडी घातली म्हणून तिला आनंद झाला. तिने तो सुईणीला सांगितला, सुईणीने पुढच्या घरी सांगितला, आणि बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत त्यातला आनंद गळून नुसती अंडी उरली. पाण्यात अंडी म्हणजे घरात ताप, हे तर मीच टाळ्या घेत शिकवलं होतं.

मी पोचलो तेव्हा हसनभाई दारात दोन्ही हात आडवे धरून उभा होता. समोर अण्णा, हातात खलाचा लोखंडी बत्ता. मागे बोळ भरून माणसं.

"आलात? बरं झालं," अण्णा म्हणाले. "आता खात्याच्या माणसासमोरच फोडतो."

"साहेब, यांना समजवा," हसनभाई म्हणाला. "फोडायची तर माझी भट्टी फोडा, दुकान फोडा. ती पेटी फुटली तर बीबी उठल. घाबरून उठली की खेल खतम. तुम्हाला तर सगळं मालूम आहे."

"आणि माझी पोर तिकडे दात वाजवत पडलीय, तिचं काय?" अण्णांचा आवाज फाटला. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. मला त्याची भीती वाटली ती त्यामुळेच.

"अण्णा, मला आधी बघू द्या."

"बघायचं काय त्यात? तुम्हीच पडद्यावर दाखवलीत."

"पडद्यावर मोठी करून दाखवली होती हो. डासाचं अंडं काजळाच्या कणाएवढं असतं. नुसत्या डोळ्याला नीट दिसतसुद्धा नाही. वाळूवर पडलेले पांढरे दाणे डासाचे असणार कसे?"

"पडद्यावर लिंबाएवढी होती," मागून कुणीतरी म्हणालं. "ही लहानच हायेत!"

मी आत शिरलो. अण्णा माझ्यामागे उंबऱ्यापर्यंत आले. खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि पेटी पडद्याच्या टोकाला, खिडकीत. पडद्यामागून झुबेदाचा आवाज आला, अगदी हळू.

"भाईजान, माझ्या माशांचीच अंडी आहेत ना ती? मागच्या पंधरवड्यात पण आली होती. मग विरून गेली. या वेळी तरी राहतील ना?"

ती माशांबद्दल विचारत नव्हती, एवढं मला कळलं. पण ती माशांची अंडी नव्हती, हे मला तिथेच ठाऊक होतं. आमचे ते मासे अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लंच देतात. मग ही कशाची? बेडकाची असती तर चिकट गाठोड्यात असती, गोगलगायीची असती तर काचेला चिकटलेली असती. हे दाणे सुटे सुटे, टपोरे, वाळूवर निवांत पडलेले. मासे त्यांना तोंडाने ढकलत होते आणि सोडून देत होते. इतकी वर्षं पाण्यात डोळे घालून बसलेला मी, आणि मला ती वस्तू ओळखता येईना.

"कशाची आहेत?" उंबऱ्यावरून अण्णांनी विचारलं.

"डासाची नाहीत."

"मग कशाची?"

नुसतं 'डासाची नाहीत' कुणाला पुरणार नव्हतं. घाबरलेल्या माणसाला नाव हवं असतं. जिला नाव नाही ती वस्तू त्याच्या लेखी विषारीच.

खिडकीतून उन्हाची एक चिंचोळी पट्टी आत येत होती. मी खिशातला आरसा काढून कवडसा पेटीत सोडला. दाणे आतून उजळले. कडेने काचेसारखे, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक पांढरा ठिपका.

"आत काहीतरी आहे," मी म्हणालो. मनातलं तोंडातून निघून गेलं.

"आत जीव आहे!" अण्णा ओरडले. ते शब्द बाहेर गेले आणि बोळात एकच गलका झाला. हसनभाईला कुणीतरी ढकललं असावं, दार भिंतीवर आपटलं. पडद्याआड खाट करकरली. "उठू नकोस!" हसनभाई बाहेरून ओरडला, "झुबेदा, उठू नकोस!" अण्णा उंबरा ओलांडून आत आले. गडबडीत माझा हात हलला आणि आरशातला कवडसा पेटीवरून उडून बोळापलीकडच्या खिडकीवर जाऊन पडला.

तिथे दुर्गाबाई उभ्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात पितळेची वाटी. तोंडावर उजेड पडताच त्या दचकल्या आणि वाटी कलली. तिच्यात भिजलेला साबुदाणा होता. खिडकीच्या दगडावरही काही दाणे चिकटले होते, कडेने काचेसारखे आणि मधे पांढरे.

त्या दिवशी एकादशी होती. मी स्वतः सकाळपासून निरंकार होतो आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. झुबेदाला मागच्या पंधरवड्यात दिसली होती ती अंडीही एकादशीचीच. एरवी त्या बाई झुबेदाचा डोळा लागलेला असताना आपल्या पानातली चार शितं त्या माशांना टाकत असणार. एकादशीला घरात भात नाही. मग आपल्याला उपास तर माशांनाही उपास, म्हणून आपल्या फराळातला साबुदाणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाटी धरलेलेच हात जोडले. मी आरसा खाली केला. अण्णांच्या आणि खिडकीच्या मधे पडद्याचं टोक होतं, त्यांना काही दिसलं नाही.

आता माझी खरी पंचाईत झाली. माझ्या पिशवीत टिंक्चर आयोडीनची बाटली असायची, खरचटलं तर लावायला. साबुदाण्यावर तिचा थेंब टाकला की तो निळाकाळा होतो, हे शाळेत शिकलेला कुणीही सांगेल. एका थेंबात पेटी सुटली असती. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, हसनभाईच्या घरात एकादशीचा साबुदाणा आला कुठून? त्या खिडकीसमोर खिडकी एकच. विधवा बहीण आपल्या फराळाच्या वाटीतून मुसलमानाच्या घरचे मासे पोसते, त्याच्या बायकोशी बोलते, आणि तेही घरात पोर तापाने पडलेली असताना. अण्णांनी तिच्यावर बत्ता उगारला नसता. पण ती खिडकी त्याच दिवशी विटांनी बंद झाली असती आणि देवळाची वाटही. पुढचं सगळं आयुष्य तिला त्या घरात काढायचं होतं.

"सरका," अण्णा म्हणाले. "आता मी कुणाचं ऐकणार नाही."

मी लांब दांड्याची पळी पेटीत घातली, एक दाणा काढला आणि तळहातावर घेतला. तसाच दारात गेलो, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिलो.

"अण्णा, यातून ताप येतो असं तुमचं म्हणणं ना? मग तो आधी मला येऊ दे. मला ताप आला तर ही पेटी मी माझ्या हाताने फोडीन. नाही आला तर तिला कुणी हात लावायचा नाही."

आणि मी तो दाणा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. दाढेला चिकटला लेकाचा. जिभेने सोडवायला लागला.

बोळात कुणीतरी म्हणालं, "खाल्लं! अंडं खाल्लं!" आणि एका बाईचा आवाज आला, "अगं बाई, एकादशीला!" अंडं हा शब्द मी माझ्या तोंडाने काढला नव्हता. तो लोकांनी पुरवला आणि मी तो खोडला नाही. अण्णा माझ्याकडे असे बघत होते की जणू माझ्या डोक्यावर शिंगं उगवली आहेत. बत्ता खाली आला होता. पडद्याआडून झुबेदा कळवळून म्हणाली, "हाय अल्ला, खाल्लं तुम्ही ते?" मी मान खाली घातली.

"अण्णा," मी म्हणालो, "ताप डासातून येतो आणि हे डास जवळच कुठेतरी होताहेत. मला तुमच्या घरातला आड बघू द्या. आरशानेच बघतो, दुरून."

ते दोन पावलं मागे सरकले. माझी सावली अंगावर पडू नये म्हणून. "तुम्ही? माझ्या घरात? आता पाऊल टाकून दाखवा."

म्हणजे पेटी वाचली आणि त्याच घासाने माझी खरी वाट बंद झाली. अण्णांच्या माजघरातला तो आड पूजेच्या पाण्याचा. त्याचा मला पहिल्यापासून संशय होता, पण सोवळ्याचा म्हणून मला तो कधी बघायला मिळाला नव्हता. आता तर जन्मात मिळणार नव्हता. आणि आडातून डास उठत राहिले असते तर उद्या मलाच ताप आला असता आणि माझ्या शब्दानेच पेटी फुटली असती.

निघताना मी आरसा हसनभाईच्या हातात ठेवला. कवडसा कसा सोडायचा आणि काय बघायचं ते सांगितलं. "बीबीला दे," मी म्हणालो, "समोरच्या बाईंना पोचवायला सांग." त्याने आरसा कमरेला खोचला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, दुर्गाबाईंकडून झुबेदाला, झुबेदाकडून त्याला आणि त्याच्याकडून मला. "म्हणते, बारीक काड्यांच्या तुकड्यांसारखे आडवे पडलेत पाण्यावर. उजेड पडला की पळतात." हिवतापाच्या डासाची अळी अशीच पाण्याला समांतर पडून असते. जन्मात कधी अळी न पाहिलेल्या त्या बाईने ती अचूक सांगितली होती.

मासे हवे होते. खात्याचे डबे अण्णांच्या दारातून आत जाणं शक्य नव्हतं. मी हसनभाईला नुसतं सांगितलं, मागायची माझी हिंमत नव्हती. झुबेदाने स्वतःच आपल्या पेटीतले बहुतेक मासे तांब्यात घालून खिडकीतून पलीकडे दिले. दुर्गाबाईंनी ते पोहऱ्यातून आडात सोडले. पेटीत फक्त एक जोडी उरली.

त्यानंतरचे दिवस मला माझ्याच अंगाची भीती वाटत होती. सकाळी उठलो की आधी कपाळाला हात. तापावरचं कोयनेल इतकं घेतलं की कानात सतत शिट्या वाजत. आणि जे नको तेच झालं. एका दुपारी रविवार कारंजापाशी मला हुडहुडी भरली. बोळातल्या कुणी मला थरथरताना पाहिलं असतं तर संपलंच होतं. मी तसाच टांगा केला आणि फेरीचं निमित्त करून त्र्यंबकला गेलो. तिथे एका ओळखीच्या उपाध्यायांच्या ओसरीवर घोंगडी पांघरून पडून राहिलो. डोळे मिटले की अण्णांचा बत्ता दिसायचा आणि खाट करकरल्याचा आवाज यायचा. ताप उतरल्यावर दाढी करून, पान खाऊन त्या बोळातून मुद्दाम छाती काढून चालत गेलो. अण्णा दुकानाच्या पायरीवर होते. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

साथ ओसरली. माशांनी ओसरली की थंडी पडल्याने, ते देव जाणे, मी छातीठोकपणे सांगणार नाही. अण्णांची मुलगी उठून खेळायला लागली. पुढे एकदा अण्णांना आडात मासे दिसले. नदीचा झरा थेट आपल्या आडात फुटला आणि गंगामाईनेच ते धाडले, असं त्यांनी जाहीर केलं आणि रोज हळदकुंकू वाहायला लागले. झुबेदाला मुलगी झाली, धडधाकट. बारा दिवसांची असताना हसनभाईने ती माझ्या हातात ठेवली. मी बोळात गेलो की झुबेदा मात्र पडद्याआडून म्हणायची, "मासे झाका, भाईजान आले." त्यात राग किती आणि थट्टा किती, हे मला कधीच नीट कळलं नाही.

घरी मात्र थट्टा नव्हती. मी तेव्हा बिनलग्नाचा, घरात आई आणि मी. त्या एकादशीला मी घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. आई दारातच उभी होती. "दत्तू, खरं का रे?" एवढंच तिने विचारलं. मी खरं सांगितलं असतं तर आईने ते जपलं असतं का? ती आणि अण्णांची बायको सुंदरनारायणाच्या देवळात कीर्तनाला शेजारी शेजारी बसत. मला भरवसा वाटला नाही, मी गप्प राहिलो. आईने त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. गोमूत्र शिंपडलं, माझं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. रोज वाढायची, पण हात उंच धरून, लांबून. एकादशीला तर मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलेलंही तिला चालेना. गावाने मला अंडेखाऊ म्हटलं त्याचं काही वाटलं नाही. आईच्या त्या उंच धरलेल्या हाताचं फार वाईट वाटायचं. ते वाईट वाटणं कितीतरी एकादश्या चाललं.

मग एका एकादशीला आई देवळातून परतली ती डोळे पुसत. तिने चूल पेटवली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "दत्तू, आत ये." आत पाट मांडलेला, तिच्या पाटाला लागून. समोर माझं जुनं ताट, जे तिने वर फळीवर टाकून दिलं होतं. तिने त्यात खिचडी वाढली, हात उंच न धरता.

"आज अण्णांची दुर्गा शेजारी येऊन बसली होती कीर्तनात," ती म्हणाली.

"काही म्हणाली?"

आईने खिचडीवर खोबरं घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिजवलेला खा आज. कच्चा बाधतो."